पानाच्या पोटाला

मकरपुऱ्याच्या त्या खोलीत मी पतंग पाळते.
भरडलेली ज्वारी, मूठभर शेंगदाण्याचं कूट, चिमूटभर यीस्ट,
अळ्यांचं जेवण आमच्या घरच्यापेक्षा वेळेवर.
पंखांची भुकटी उडत राहते.
नाकाला फडकं बांधूनही रात्री ताटावर शिंका येतात,
आणि मुलगा विचारतो, आई, आज किती जणी जन्मल्या?

जन्मू देत नाही रे, तोच तर धंदा.
अंडी चाळायची, डिंकाने कार्डावर बसवायची,
निळ्या दिव्याखाली धरायची, आतलं आतच थांबावं म्हणून.
मग सोडायच्या त्यांच्यावर
टाचणीच्या डोक्यावर तिघी मावतील अशा माश्या.
त्या दुसरीच्या अंड्यात आपलं अंडं ठेवतात.
चौथ्या दिवशी कार्ड काळं पडतं,
तव्यावर खसखस करपावी तसं.
काही काळं पडलं की बरं वाटावं
असं माझ्या आयुष्यात हे एकच ठिकाण.

आज थर्मासात बर्फाशेजारी दहा कार्डं,
करजणपर्यंत एसटी, पुढे छकडा.
फतेसंगभाई पढियार बांधावर.
कार्ड मावळत्या उजेडाकडे धरून म्हणाले,
बेन, आमां जीव छे?
छे. वीस हजार.
त्यांनी एका हातातलं कार्ड
दोन्ही हातांत घेतलं.

औषध मारलंय का?
ना रे ना, म्हणाले, आणि कालव्याकडे बघत राहिले.
पंप शेडच्या दारातच होता, वास होता.
क्यारे?
अजवाळी अगियारसे.
मी बोटांवर मोजलं. आज वद बारस. सोळा दिवस.
चालेल. जेमतेम.

उसात शिरलो.
पानाची कड गालावर बारीक लिहीत जाते,
घाम लागला की मग वाचता येतं.
कार्ड पानाच्या पोटाला लावायचं, पाठीला नाही,
ऊन पाठीवर पडतं, मुंग्याही पाठीवरूनच फिरतात.
पान उलटायचं, पट्टी, स्टेपलर, कट्.
दहा पावलं. पुन्हा कट्.
खोडकिड्याची मादी आज रात्री इथेच कुठे अंडी घालेल,
तिच्या आधी पोचायचं,
एवढंच माझं शास्त्र.

सातव्या सरीत मी थांबले.
शेंड्याखालचं तिसरं पान पिवळं, चौथं सुकलेलं.
किड्याचं भोक कुठेच नाही.
विळ्याने ऊस उभा चिरला.
आत लाल.
लालावर आडवे पांढरे डाग,
आणि शिळ्या ताडीसारखा आंबूस वास.

रातडो, ते म्हणाले. माझ्या आधी.
मग माझ्या थर्मासाकडे बघितलं.
नाही. माझ्या माश्यांना हा रोग दिसत नाही.
हा उडत आलेला नाही, बेण्यात बसून आला.

बेणं हंसाबाने पाठवलं होतं, बारडोलीकडून,
भाच्याचं लग्न झालं त्या वर्षी,
नवी जात, भावाच्या शेतात लागलीच पाहिजे म्हणून.
ट्रॅक्टरला फुगे बांधले होते, ते म्हणाले.
फुग्यांचे रंगही सांगितले.

मी म्हणाले ते कुणीही म्हटलं असतं:
ठोंब मुळासकट खणा, जाळा,
या सरीचं पाणी त्या सरीत जाऊ देऊ नका,
खोडवा ठेवू नका.
ते मान हलवत होते, पण ऐकत नव्हते.
शेवटी कुदळ उचलली आणि एवढंच बोलले,
हंसाबाने ना केता.

मला हंसाबाचं गावही माहीत नाही.
तरी म्हटलं, नाही सांगणार.

परत निघाले तेव्हा अंधार झाला होता.
ओला ऊस लवकर पेटत नाही.
छकड्यातून वळून बघितलं तर नुसता धूर,
आणि धुरात टॉर्च वरखाली होणारा.

घरी हात दोनदा धुतले.
पोळी वाढताना बोटांना तोच आंबूस वास.
आई, आज किती जणी?
उद्या, म्हटलं. सकाळी.
धूर त्या बाजूला वळला नाही तर.